घर मीच विकणार होते

१२ जानेवारी, रविवार
जिन्यावरून पडले. खालच्या पायऱ्या होत्या म्हणून निभावलं, पण गुडघा चांगलाच सुजलाय. बराच वेळ फरशीवर बसून होते. हाक मारायची तर कुणाला? वरचा मजला झाडायला गेले होते, जिथं जत्रेचे पाहुणे सोडले तर कुणी झोपत नाही. हे गेल्यापासून एवढ्या बंगल्यात मी एकटी.
आज ठरवलं. विट्याचं हे घर विकायचं. सांगलीला सुनीताच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्या घ्यायच्या. लेक हाकेच्या अंतरावर. यापेक्षा जास्त मला आता काही नको.
मुलाला, प्रकाशला, कोईमतूरला फोन केला. वाटलं होतं, बापानं बांधलेलं घर म्हणून चिडेल. नाही चिडला. म्हणाला, "एजंटला दे. तू कुणाजवळ काय बोलू नको." दुकानात गिऱ्हाईक होतं, घाईत ठेवला.

१५ जाने.
एजंट आला. सचिन नावाचा. चपला घालून थेट हॉलमध्ये. "काकी, पाटी लावायची न्हाई, कुनाला सांगायचं न्हाई. मी मान्सं आणतो ती भाड्यानं घर बगायला आल्यात म्हनायचं. यवार झाला की मग कळू द्या गावाला." वर दोन टक्के. दार उघडून दाखवायचे! दार मलाही उघडता येतं.
पैशाचं एक वेळ राहू दे. चोरून विकायचं म्हणाला त्याचा राग आला. आम्हा गलाईवाल्यांत चोरून घर कोण विकतो? ज्याचं दुकान बुडालं तो. यांचा जन्म भट्टीपुढं बसून लोकांचं सोनं गाळण्यात गेला, कुणाचा कण इकडचा तिकडे नाही. प्रकाशचंही तसंच. मग मी तोंड लपवून का विकू? घर माझ्या नावावर आहे, उजळ माथ्यानं विकीन.
सचिनला चहा दिला आणि वाटेला लावला.

१८ जाने.
पाटी रंगवून आणली. घर विकणे आहे. मालक स्वतः भेटतील. एजंट नको. फाटकाला तारेनं बांधली. लांबून बघितली, झकास दिसते. प्रकाशला आत्ता सांगत नाही. गिऱ्हाईक ठरलं की एकदमच सांगेन, बघ म्हणावं आईचं काम.

२० जाने., सोम.
माणसांची रीघ. बरं वाटलं, किती दिवसांनी घरात बोलणं झालं. पण गंमत अशी की नळ कुणी उघडून बघत नाही, पाण्याचं कुणी विचारत नाही. सगळे दुकानाचं विचारतात.
शेजारच्या इंदूताई तर हात धरून बसल्या. "वैनी, प्रकाशचं बरं हाय न्हवं? काय अडचण आसंल तर बोला, लाजू नगा." म्हटलं, अहो, गुडघा दुखतो, जिना होत नाही. "व्हय व्हय, गुडघा," म्हणाल्या आणि पाठीवरून हात फिरवला. मयताच्या घरी फिरवतात तसा.

२२ जाने.
पलीकडच्या गल्लीतले आण्णा आले होते. त्यांच्या मुलाचंही गलाईचं दुकान आहे, कोईमतूरला प्रकाशच्याच गल्लीत. घर सगळं फिरून बघितलं. जाताना फाटकाचा फोटो काढला. "पोराला दावतो." मी हरखले. आपल्यातलाच माणूस घेत असेल तर सोन्याहून पिवळं. त्यांना लाडू बांधून दिले.

२३ जाने.
प्र.चा फोन. आवाज अगदी बारीक. "आई, पाटी लावलीस तू?"
फोटो कालच सगळ्या गल्लीत फिरला. ज्याचा बाप यांच्याकडे गाळायला सोनं टाकायचा तो सोनार सकाळीच दुकानात येऊन बसला. कॉफी घेतली नाही. माझं सोनं द्या म्हणाला. "म्हनलं, भट्टीत हाय, उद्या न्या. तर म्हनतो, बसतो मी. दिसभर बसला आई, माज्या हाताकडं बगत."
मी म्हटलं, अरे पण आपलं लपवण्यासारखं आहे काय? उघड विकलं तर लोकांना कळेल की—
"चालू दुकानवाला घराला पाटी लावतो व्हय?" बस, एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ जाने.
उजाडताच पाटी काढली. तारेनं बोट कापलं. दुपारी इंदूताई हजर, "लगीच गेलं? केवढ्याला?" संध्याकाळी दूधवाल्याकडून कळलं, घर पडत्या भावात दिलं म्हणे मी. पाटी लावली तरी बुडालो, काढली तरी बुडालो.
स्वयंपाकघरात बसून रडले. प्रकाशचाही राग येतो. बोलू नको म्हणाला, का ते सांगायला काय झालं होतं? आणि माझाही येतो. कोईमतूरच्या त्या गल्लीत इतकी वर्षं संसार केला, दुकानाच्या वरच राहत होतो. खाली धंदा कशावर चालतो ते मी कधी विचारलंच नाही. पोळ्या लाटल्या फक्त.

३० जाने.
सून बोलली, वैशाली. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग तिला रडूच आवरेना. जो तो आपलं सोनं परत मागतोय. नवीन कुणी टाकत नाही. प्र. प्रत्येकाचं चोख देतोय, भट्टीतलं निघायच्या आधीच स्वतःचं घालून देतोय, भांडवल संपत आलंय. जेवत नाही नीट.
मी म्हटलं, मी एकेकाला फोन करून सांगते, मला जिना चढवत नाही म्हणून विकत होते. खरं तेच तर सांगायचंय.
"नको आई. तुमी फोन केला तर म्हनतील, आता म्हातारीला बोलायला लावलं."
देवापुढं बसले. काय मागायचं तेच सुचेना.

४ फेब्रुवारी
सुनीताचा फोन. तळमजल्याच्या खोल्यांना दुसरं गिऱ्हाईक आलंय, मालक विचारतोय. "थांबायला सांगू का गं?" तिला दुकानाचं सगळं माहीत आहे, तरी विचारते, कारण तिलाही मी जवळ हवीय. मी म्हटलं, सांग आठवडाभर थांबायला. कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक.

६ फेब्रु.
प्र. फोनवर म्हणाला, "घर काडावं लागंल आई. आता खरंच लागंल. सचिनला बोलीव."
लोक खोटं बोलत होते ते आता खरं झालं. मी म्हटलं, सगळं तुझंच आहे, घे. मग राहवलं नाही, विचारलं, आणि सांगलीच्या खोल्या? "बगू," म्हणाला.
सचिन आला. आज चपला बाहेर काढल्या. भाव पहिल्यासारखा येणार नाही म्हणाला. "काकी, लोकं आता घर बगत न्हाईत, तुमची गरज बगत्यात." टोमणा नव्हता तो. चार शब्द सुनावले असते तर हलकं वाटलं असतं, पण तो टेरेसचे फोटो काढायला निघून गेला.

९ फेब्रु., रविवार
प्र. सकाळच्या एस.टी.नं सांगलीवरून आला. गालफडं बसलीत. आंघोळ केली, मी पिठलं-भाकरी वाढली, तर निम्मीच खाल्ली. "चारला पार्टी येनार हाय. तू आत बस आई. बाहीर येऊ नको." बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
पार्टी आली, कडेगावकडचे मिलिटरीतून रिटायर झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको. मी चहा टाकला आणि दाराआड उभी राहिले. माझ्याच घरात मी चोरासारखी. बाई चांगली वाटली. नळ उघडून बघितला तिनं, खिडक्या उघडल्या, उजेड छान आहे म्हणाली. मग विचारलं, "आनि ह्यांच्या आई? त्या कुठं ऱ्हानार?"
मी गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. मलाही ते ऐकायचं होतं.
प्र. तिनं उघडलेली खिडकी लावायला लागला. सचिनच म्हणाला, "चला, वरची टाकी दावतो." जिन्यावर पावलं वाजली. प्र. त्यांच्याबरोबर गेला नाही, हॉलमध्येच होता. मी कप भरले आणि बाहेर कोण नेणार हे विचारायला त्याला हाक मारली. दोनदा मारली. तो आत आला नाही.