काशीला न गेलेल्या पोरीचं मावंदं

५ जानेवारी, सोमवार
संध्याकाळी टीव्ही लावला तर परत तो मोटारसायकलवाला. लेकीनं, मनीनं मोबाईल टीव्हीला जोडून ठेवलाय तेव्हापासून आमच्या घरातल्या बातम्या बंद. एक पोरगा एकटाच गाडी चालवतो, एकटाच बोलतो, टपरीवर चहा पितो आणि ते आपण बघायचं. सौ.ची मालिका बरी म्हणायची वेळ आली. त्यात ती बाई कित्येक वर्षं एकाच जिन्यावर उभी राहून रडते, पण निदान स्वतःच्या घरात रडते.
मनीला म्हणालो, यात बघण्यासारखं काय आहे?
"अण्णा, रस्ता बघा ना."
रस्ता! पाटोद्यात रस्ता बघायला गेलं तर खड्डा दिसतो.
दुपारपासून छातीत धडधड. गोळी घेतली. फरक नाही.

७ जाने., बुधवार
मेव्हण्याचा आष्टीहून फोन. स्थळ आहे. मुलगा शाळेत क्लार्क, एक बहीण, तिचं लग्न झालेलं. "दाजी, आता पोरीला न्हाई म्हनू देऊ नका. ह्या म्हैन्यात तिशी लागती तिला. तिशीनंतर लोकं पोरगी न्हाई बघत, पोरीतली खोट बघत्यात."
खोट कसली? लॅबमध्ये काम करते, निम्म्या तालुक्याचं रक्त तिनं काढलंय. स्वतःच्या पगारावर आहे. पण मेव्हण्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय.
जेवताना विषय काढला. मनी म्हणाली, येऊ द्या त्यांना, पण महिनाअखेर. त्याआधी मी नाही, सुट्टी टाकलीय.
"कुठं जायचंय?"
"जैसलमेरला. वाळवंट बघायला."
कुणाबरोबर विचारलं तर म्हणे, कुणाबरोबर नाही.
एकटी. वाळू बघायला. ताट सरकवलं.

८ जाने.
डोकं उठलंय. म्हणालो, वाळूच बघायची तर गेवराईकडं जा, गोदावरीची वाळू ट्रकनं जाते, दिवसभर उभी राहून बघ. हसली. मग हसायची थांबली. बोटं मोडत म्हणाली, "तीस वर्षांत मी कुठं गेले सांगा. बीड, नगर, शिर्डी. शाळेच्या सहलीला औरंगाबादला, तिथंबी गाडीत उलट्याच केल्या. आता आष्टी. आष्टीहून पुढं कुठं?"
मला उत्तर आलं नाही म्हणून मी पाण्याच्या मोटारीवरून ओरडलो.
सौ. गप्प. तिचं गप्प बसणं कुणाच्या बाजूचं असतं हे मला लग्नापासून कळलेलं नाही.

११ जाने., रविवार
मी तीस वर्षांचा होतो तेव्हा काय करत होतो, हे सकाळपासून डोक्यात. गिरणी चालवत होतो. तीन लेकरं, मनी अजून व्हायची होती. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. त्यांच्या अंगणात पोतं टाकून बसायचं आणि टीव्हीपेक्षा घरमालकाच्या तोंडाकडं जास्त बघायचं, उठा म्हणतो की काय म्हणून. प्रवास म्हणजे गिरणीचे दगड आणायला नगर. जाताना टपावर बसायचो, येताना दगडावर.
वाढदिवस कधी आला, कधी गेला. तिशी म्हणून काही असतं हेच माहीत नव्हतं. बरं होतं.
मनी बॅग भरतेय. थर्मास पण घेतलाय. वाळवंटात थर्मास!

१४ जाने., संक्रांत
समोरची गोजरआक्का तिळगूळ घेऊन आली. माझ्याहून बरीच मोठी, गुडघे गेलेत, भिंतीला धरून गल्ली ओलांडते. तिच्या मालकानं काशीला नेतो नेतो म्हणत जन्म काढला आणि एक दिवस स्वतःच गेला. मनीच्या तोंडावरून हात फिरवला. "मने, औंदा तुजं उरकू दे, फुडल्या साली माजं." तिळगुळाला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. आक्का पण. मला नाही हसू आलं.
मनीला शेवटचं म्हणालो, जाऊ नकोस. "अण्णा, तिकीट काढलंय." तिकीट काय, मी गिरणी विकली तेव्हा झालेला सौदा पण मोडला होता एकदा.

१८ जाने., रविवार
गेली. आणि मी काय करून बसलो.
सकाळी स्टँडवर सोडायला गेलो. ती नगरच्या गाडीत बसली, खिडकीतून हात केला, गाडी हलली. वळलो तर मागं गोजरआक्का, बाकावर बसलेली. पुतण्याबरोबर गुडघ्याच्या डॉक्टरकडं निघालेली. आजूबाजूला गल्लीतली आणखी दोन-तीन माणसं. आक्कानं मोठ्यानं विचारलं, "नामदेवा, एवढी बॅग घिऊन पोरगी कुठं रं चालली?"
एकटी पोरगी वाळू बघायला गेली हे चारचौघांत कसं सांगायचं? समोरच्या भिंतीवर यात्रा कंपनीचा कागद चिकटवलेला. मोठी अक्षरं. तोंडातून तेच गेलं.
"काशीला."
आक्कानं तिथंच हात जोडले. गेलेल्या गाडीला.

१९ जाने.
सकाळपासून दार बंद करायची सोय नाही. बायका नाराज. काशीला निघाली आणि ओटी भरायला बोलावलं नाही म्हणून. एकीनं नारळ आणून दिला, दुसरीनं विचारलं, मावंदं कधी?
हे डोक्यातच नव्हतं आलं. काशी करून आलेल्या माणसाला वेशीवरून वाजत आणायचं, त्यानं आणलेल्या गंगेची पूजा करायची, भाऊबंदांना जेवू घालायचं. ते झाल्याशिवाय काशी पुरी होत नाही. आणि आमची काशी राजस्थानात.
सौ.ला सगळं सांगितलं. कपाळावर हात मारला तिनं. "अवं, शिर्डी म्हनला असता तर भागलं असतं की! शिर्डीला कोन मावंदं मागतंय?"
खरंय. शिर्डी सुचलीच नाही.

२० जाने., मंगळवार
मेव्हण्याचा फोन, आवाज चढलेला. "दाजी, तिसाव्या वर्षी काशी? पोरीनं काय मनावर घेतलंय का? आष्टीचे पावणे इचारायलेत, मुलीनं माळ तर घातली न्हाई? कांदा-लसूण खाती का?"
म्हणालो, खाते. आमच्याहून जास्त खाते.
"मग म्हाताऱ्यावानी काशीला कावून गेली?"
बोलू का खरं? तेवढ्यात त्यानंच तोड काढली. सव्वीस जानेवारीला सगळ्यांना सुट्टी, मनी त्याच दिवशी परत येते. त्याच दिवशी मावंदं घाला, आष्टीकरांनाही बोलवा. पोरगी देवाधर्माची आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. जमलं तर कुंकू लावून मोकळं होऊ. "एका मांडवात दोन कामं, दाजी!"
हो म्हणालो. मी माणूस आहे का कोण?

२१ जाने.
आज मनीला तीस पूर्ण. सौ.नं शिरा केला, आम्ही दोघांनीच खाल्ला.
दुपारी तिनं व्हिडिओ पाठवला. टीव्हीवर लावायला येत नाही म्हणून मोबाईलवरच बघितला, चष्मा लावून. नुसती वाळू. माणूस नाही, झाड नाही. एक उंट, तोही पाठ करून. आणि वाऱ्यानं वाळूवर रेघा उठलेल्या, एकामागं एक, लांबपर्यंत. गिरणीत पीठ पडायचं तेव्हा डब्यात मी हात फिरवला की अशाच रेघा उठायच्या. गरम पीठ. किती वर्षं ते बघत होतो आणि बघतोय हे कळत नव्हतं.
परत लावला. मग परत.
सौ. म्हणाली, "यात बघन्यासारखं काय हाय?"
तिला काय सांगणार.
संध्याकाळी मनीचा फोन. खुशीत होती. शेवटी सांगून टाकलं, काशीचं. आधी हसली, खूप हसली. मावंद्याचं सांगितल्यावर हसणं बंद. "अण्णा, मी चोरी केल्यासारखं कावून केलं तुमी?" फोन ठेवला. वाढदिवसाच्या दिवशी.

२३ जाने., शुक्रवार
मेव्हणा येऊन आचारी ठरवून गेला. बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात. हलगीवाले पण सांगितले. मला विचारतो, "दाजी, तोंड कावून पाडलंय? पोरीचं चांगलं व्हायलंय की!" दिवसभर लोकांचे फोन. मला बाटलीभर गंगा, मला लोटाभर. सगळ्यांना हो म्हणतोय. सौ. म्हणते, नळाचं भरून देऊ, कुणाला काय कळतंय. चिडून बोलली, पण मी खरंच विचार करून बघितला. दोन मिनिटं. लाज वाटली. परत विचार केला.
मग गोजरआक्का आली. भिंत धरत धरत, पदराखाली तांब्याचा गडू. चिंचेनं घासून लखलखीत केलेला. मालक काशीहून त्यात गंगा आणणार होते म्हणे, तेव्हापासून ठेवलाय, कधी त्यात पाणी भरलं नाही. "नामदेवा, गल्लीतल्या बाकीच्यांना थेंब थेंब दे. मला मातर हा भरून. शेवटाला तोंडात घालायला पायजे. कुनी घातली न्हाई तर मीच घालीन."
गडू टेबलावर ठेवून गेली. तिच्या गुडघ्यांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता.
नळाचं पाणी हा विषय घरात संपला. सौ.नंच संपवला.

२४ जाने.
काही नाही. गडूकडं बघत बसलो. मोबाईलवर कुणाचा तरी काशीचा व्हिडिओ लावून बघितला. घाट, गर्दी, होड्या. वाटलं काहीतरी सांगता येईल पाहिल्यासारखं. मोबाईल बंद केला. पाणी तर मोबाईलमधून निघत नाही ना.

२५ जाने., रविवार
मनीचा फोन, गाडीतून. आवाज शांत. मला भीती तिच्या शांत आवाजाचीच.
म्हणाली, आष्टीच्या मुलानं तिला फोन केला होता. नंबर मामानं दिलेला. पहिलंच वाक्य, "काशीत उंट कधीपासनं आले?" हिनं मोबाईलच्या स्टेटसला उंटाचा फोटो ठेवलेला, त्यानं बघितला. गल्लीतल्या सगळ्या पोरांनी बघितला. मग कुणी बोललं कसं नाही? "बुंदी बुडंल म्हनून," मनी म्हणाली. म्हणजे गल्लीत फसलेली फक्त म्हातारी माणसं. आणि मी त्यांना फसवणारा.
मुलानं बापाला अजून सांगितलेलं नाही. मनीला म्हणाला म्हणे, वाळवंट कसं होतं ते सांगा, बाकी नंतर. अर्धा तास बोलले. मुलगा कसा वाटला विचारलं तर, "बघू." बघू म्हणजे काय? याआधी प्रत्येक स्थळाला सरळ नाही म्हणायची. बघू पहिल्यांदा ऐकलं.
तर ते जुळायची वेळ आली आणि माझी काशी मध्ये.
मग म्हणाली, "अण्णा, मी हार घालून घेणार न्हाई. गंगा आणली म्हणून खोटं बोलणार न्हाई. कुनी विचारलं तर जैसलमेर सांगणार. पावण्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. पण गोजरआक्काला माझ्या तोंडून कळायला नको. ते तुमी सांगायचं."
म्हणालो, तिचा जीव जाईल.
"मग गडू कशानं भरताय?"
फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "आणि तुमाला कुठं जायचं असलं तर सांगा. मला आता तिकीट काढायला येतं."
मला? कुठं? यात्रा कंपनीचा कागद सोडून दुसरं गावाचं नावच डोक्यात नाही.

२६ जाने.
सकाळी शाळेतलं झेंडावंदन ऐकू आलं. मागच्या अंगणात आचाऱ्यानं चूल पेटवलीय, तुपाचा वास घरभर. मेव्हणा कालच येऊन राहिलाय, आचाऱ्यावर ओरडतोय. आष्टीकर निघाले. मनीची गाडी दुपारची.
मेव्हण्याला सौ.नं सकाळी सांगितलं, माझ्यादेखत. तो खालीच बसला. मग म्हणतो, "वाळू आनलीय ना तिनं? रामेश्वरची म्हनून सांगू! काशीवाले रामेश्वरची वाळू नेत्यातच." सौ. म्हणाली, "दादा, तू बुंदी बघ."
चप्पल घातली. गडू उचलला. रिकामा असून जड लागला. दारापर्यंत गेलो आणि परत येऊन हे लिहायला बसलो. काय बोलायचं ते आधी लिहून काढावं म्हटलं. "आक्का, पोरगी काशीला गेली नव्हती." एवढंच आहे. पुढचं वाक्य नाही सुचत.
सौ. दारात उभी. "जाताय का मी जाऊ?"
जातो म्हणालो.
बाहेर हलगीवाले आले. अजून वेळ आहे, पण हलगी तापवून वाजवून बघतायत. आवाज ऐकून गोजरआक्का समोरच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिलीय. धुतलेलं लुगडं नेसलंय. तिला वाटतंय गंगा आली. उघड्या दारातून माझ्याकडं बघतेय, मांडीवरच्या गडूकडं बघतेय.