बर्फावर पडलेला हत्ती

ड्युसेलडॉर्फ, १४ डिसेंबर

ती. आई,

इथूनच वाकून नमस्कार. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तू चिडशील. तू अन्वीला शिवून दिलेला हत्ती मी फेकला.

काल इथल्या टीमची आइस हॉकीची मॅच होती. डिसेंबरात एक रिवाज असतो. आपल्या टीमचा पहिला गोल झाला की सगळे बर्फावर खेळणी फेकतात, ती हॉस्पिटलमधल्या मुलांना जातात. आम्ही दुकानातलं अस्वल नेलं होतं. हत्ती नुसता सोबत होता.

पाच मिनिटं उरली तरी गोल नाही. हजारो माणसं अस्वलं धरून ताटकळत उभी. जाळ्यामागचा, गोल झाल्याचा लाल दिवा पेटला आणि मी हाताला लागलं ते भिरकावलं.

खेळाच्या मधे मधे दोन्ही टीम जाळी अदलाबदल करतात, हे मला कुठे माहीत? गोल समोरच्यांचा होता.

स्टेडियम चिडीचूप. बर्फावर एकटा तुझा हत्ती. चाळीस वर्षं मॅचला तिथेच उभे राहणारे शेजारचे आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. पंच हत्ती उचलून निघाला, तशी अन्वी बर्फाभोवतीच्या काचेवर मुठी आपटत ओरडली, "तो माझ्या आजीचा आहे! परत द्या!"

मराठीत, आई. फोनवर तुला जर्मनमध्ये उत्तरं देणारी आपली अन्वी.

हत्ती मिळाला, मॅच गेली. एक कान उसवलाय. तो कसा शिवायचा, ते तिलाच सांग. रविवारी फोनवर ती स्वतः विचारणार आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझा,
मयुरेश