रिकाम्या चौकोनातली गाडी

विश्रांतवाडी, पुणे

राकेशच्या बाबांना जयभीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर तुम्ही नुसतं हो हो करून ठेवून देता, म्हणून लिहिते.

मी झाडूपोछा करते तिथे गाड्यांचे चार्जर तपासतात. एका खोलीत पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन आहे. त्यात गाडी नाही, तरी चार्जर घूंघूं करतो, जणू कोणी वीज पितंय. तिथल्या कल्याणी मॅडम म्हणाल्या, "मावशी, गाडी कॉम्प्युटरमध्ये आहे. चार्जरला वाटतं, समोर उभी आहे." मग त्या चौकोनाला सगळे वळसा का घालतात? आता मीही घालते.

सोमवारी ती पडद्यावरची गाडी पेटली. कोणी उठलंसुद्धा नाही. बटण दाबलं, गाडी परत धड. दुसऱ्या दिवशी काचेमागे खरी बॅटरी लावली, तर तीही त्याच कोपऱ्यातून पेटली. मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "जुळलं!" म्हणजे पडद्यावर पेटतं, ते खरंही पेटतं.

आज पडद्यावर तीनचाकी आहे. अगदी आपल्या रिक्षासारखी. ती पेटताना बघायला मी थांबले नाही.

रिक्षा घरात चार्जिंगला लावणं बंद करा. तुमच्या आईची खाट अजून तिला लागूनच आहे ना? पत्र खाली ठेवा, आधी खाट हलवा.

तुमची
चंपा