दोनदा धुतलेला गिलास

४ जानेवारी २०१२, बुधवार. लाखनी

पुन्हा धुतला! मी घासलेला, मी विसळलेला, मी पालथा घातलेला गिलास. रेणूनं उचलला, नळाखाली धरला, मंगच पाणी पेली. मी समोरच बसलो होतो. सून म्हणून तोंडातल्या तोंडात गिळलं.

माही बायको चंद्रकला गेली त्याले आठ साल झाले. तवापासून घरचे भांडे मीच घासतो. राख अन् धानाचं तणस. नहरावर चौकीदार होतो तवा एकटाच राहो, तेव्हाची सवय. माहा पोरगा अश्वजित याच भांड्यात जेवून मास्तर झाला. सून आली तवा सांगतलं — तू सैपाक कर, भांडे माह्याकडे. सासरा भांडे घासते म्हणून गल्ली हासते. हासू द्या! मले रिकामं बसवत नाई.

पण धुतलेलं पुन्हा कायले धुते?

६ जानेवारी

हिच्या घरच्या रीती अन् आमच्या रीती. हिले आंघोळ केल्याबिगर गॅसले हात लावणं चालत नाई. न्हाणीची चप्पल वेगळी. पाय पुसायच्या फडक्याची बादली वेगळी. मी जेवल्यावर ताटातच हात धुतो, ते पाहून तोंड फिरवते. "मामाजी, बेसिन आहे ना जी." आहे! मले बी दिसते. पण उठाचं, चालाचं, तोटी फिरवाची — येवढा फुकटचा खटाटोप कायले? ताट तं मीच घासतो!

हे सारं चालते. तिची रीत तिच्यापाशी, माही माह्यापाशी. मोहाडीच्या कोष्ट्याची पोरगी, आमच्या घरात आली, अश्वजितसाठी घरच्याशी भांडून आली. मी मानतो तिले.

पण गिलासाचं वेगळं आहे. ते मले माहीत आहे. माह्या बापाले दिघोरीच्या हॉटेलात चहा भेटे तो बाहेरच्या फुटक्या कपात. कप बांबूच्या टट्ट्याच्या भिंतीत खोचलेला राहे. चहा पेला का कप आपणच धुवून तिथंच खोचाचा. मी लहान होतो, बापाचं बोट धरून उभा राहो. ते कोणी सांगा लागत नाई. दिसते.

रेणूले सातवा महिना लागला. उद्या तिचं लेकरू हेच शिकन. आज्याच्या हातचा गिलास आधी धुवाचा, मंग प्याचा. मी जित्ता असताना, माह्याच घरात!

८ जानेवारी

आज तोंडातून निघालंच. ताटं बी विसळून राहिली होती — सकाळी मी घासलेली.

"माह्या हाताले काय लागलं आहे वो?"

रेणू ताट हातात घेऊन तशीच उभी. "काही नाई मामाजी. सवय आहे."

"सवय कोणाले पाहून लागली?"

डोळे भरले तिचे. अश्वजित खोलीतून आला — "बाबा, तिचं तसं काही नसते. तुम्ही उगीच कुठलं कुठं नेता."

मी मनलं, कुठलं कुठं नाई, जिथलं तिथंच आहे. तू मास्तर आहेस, तुले वर्गात कोणी मागं बसवलं नाई. ठीक झालं. पण मले शिकवू नको.

वरण निवलं. कोणी जेवलं नाई बरोबर.

९ जानेवारी

ती बोलत नाई. मी बी नाई. भांडे घासले.

१२ जानेवारी

शेजारची मंदाबाई भिंतीवरून — "काय जी, सून धुऊन-पुसून घेते मने तुमाले!" अन् हासली. म्हणजे गल्लीत झालं.

रेणूच्या आईले विचारतो आता. लग्नाले आली नव्हती ती. दिवस गेल्याचं कळलं तवापासून फोन सुरू झाले. पहिलं बाळंतपण माहेरी, पुढच्या महिन्यात पाठवा म्हणते. पाठवाचं कधी ते ठरवाले जातो, असं सांगीन. अन् तिथं तोंडावर विचारीन — पोरीले काय शिकवलं?

अश्वजित म्हणे, मी येतो. मनलं, तू शाळा पाह्य.

१७ जानेवारी

मोहाडीले जाऊन आलो. जसं झालं तसंच लिहितो, मले माहीच लाज वाटून राहिली.

भंडाऱ्यापासून मोहाडीपर्यंत बसमधी उभाच होतो. रेणूनं तिळाचे लाडू देल्ले होते आईसाठी. न बोलता पिशवीत ठेवले होते.

घर म्हणजे पुढच्या खोलीत दोन माग. रेणूचा भाऊ संजीव एकावर बसला होता. खटाखट, खटाखट — बोललेलं आयकू येत नाई. अन् कापसाचा बारीक रुवा! हवेत रुवा, खिडकीच्या गजाले रुवा, कॅलेंडरवर रुवा. दहा मिनटं बसलो तं माह्या मिशीत रुवा. मांडणीवरच्या घासलेल्या भांड्यावर पांढरी साय धरल्यासारखी.

रेणूची आई विजयमालाबाई आली. "बसा इवाईजी." चहा ठेवला. मांडणीवरून कप काढले अन् एकेक कप धुतला. घासलेले, कोरडे कप! बशा धुतल्या. चमचा धुतला. संजीवनं मागावरून उठून पाणी घेतलं, त्यानं बी आधी गिलास विसळला.

मी मनलं — "हे पुन्हा कायले धुता, ईनबाई?"

"न धुता घेतलं तं सूत पोटात जाते जी! आमच्या घरी जल्मल्यापासून हेच. रेणू तं दोन सालाची होती तवापासून वाटी विसळून मांगे."

झालं. हेच विचाराले आलो होतो, अन् हेच! मी मनातल्या मनात खाली मान घातली. गरीब पोरगी, तिच्या हाताले ते बसलं आहे. अन् मी काय काय बोललो.

मंग पुढच्या महिन्याची तारीख ठरवली. मी लगेच हो मनलं. भांडाले गेलो होतो, पाहुणा होऊन बसलो. त्यांनी कपात चहा घेतला, मले कोनाड्यातला मोठा गिलास काढून, काठोकाठ भरून देल्ला. पाहुण्याचा मान!

१८ जानेवारी

सकाळीच रेणूले मनलं — "पोरी, मी चुकलो. तुमच्या घरी रुवा उडते, मी पाह्यलं. धू तुले धुवाचं ते. माह्यासमोर धू."

रडता रडता हासली. किती दिवसानं हासली! "मामाजी, मले बोलताच येत नाई तुमच्यासमोर. सांगाले पाह्यजे होतं मीनं."

मंग सारं विचारत बसली. दादा बरा आहे काय, मागावर कोणतं लुगडं लावलं आहे, आईनं लाडू खाल्ला काय.

"चहा चांगला केल्ता काय?"

मनलं, एक नंबर! मले तं येवढा मोठा गिलास भरून देल्ला, कोनाड्यातला. बाकीच्याईले नुसते कप.

रेणू उठली, आत गेली. गॅसवर दूध होतं असंल.

२० जानेवारी

आता काय झालं हिले? मी माफी मांगतली, ती हासली, अन् पुन्हा गप्प. जेवण निम्मं टाकते. माहेरी न्याची पिशवी भरली होती, तिच्यातली लुगडी काढून पुन्हा पेटीत ठेवली. विचारलं तं — "काही नाई मामाजी, घाम येते." जानेवारीत घाम!

पोटुशी बाईचं मले का समजते. अश्वजितले मनलं, डाक्टरले दाखव.

२२ जानेवारी

रेणू आंगणात फोनवर होती, आईशी. मी न्हाणीत भांडे घासून राहिलो होतो. हात थांबले.

"मी येत नाई. बाळंतपण इथंच होईन... कायले मनते? त्या कोनाड्यातल्या गिलासात घरच्या एका माणसाले तरी तू कधी चहा देल्ला काय, आई?... त्याईनं गाऱ्हाणं नाई केलं. त्याईले तं तो मान वाटला."

मंग हळूच —

"माह्या पोटातलं बी त्याईच्याच घरचं आहे. त्याले दूध कायच्यात पाजशील, सांग."