एकतिसावी ओळ

सदलग्याच्या शाळेत चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणू लागली की पत्र्याचं छप्पर घुमायचं. ते घुमणं मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं, एवढंच नव्हे तर कोण बेसूर होता तेही सांगता येतं. यावरून माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहे असं वाचणाऱ्यांनी समजावं.

मी, हरी आप्पाजी सदलगे, वय वर्षे एक्क्याऐंशी, कारखान्यातला निवृत्त तपासनीस, राहणार यशवंतपूर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. याआधी काही लिहून ठेवलेलं सापडल्यास ते रद्द धरावं.

१. राहतं दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती मुलगी शलाका, राहणार महादेवपुरा, हिला मिळावं. मागचं कढीपत्त्याचं झाड तोडू नये. (‘नये’ लिहायची खोड अजून जात नाही. तोडलं तरी चालेल.)

२. मायक्रोमीटर, व्हर्नियर व हत्यारांची पेटी, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणारे शेजारी अजिंक्य यांना. मिलिमीटरचा शंभरावा भागही मी कधी चुकू दिला नाही. जिथे चुकू दिलं, ते पुढे लिहितो.

३. ‘किशोरसन्मार्ग’ ही पुस्तिका मी १९८८ साली इथल्या आपल्या मराठी मंडळासाठी रचली. वयात येणाऱ्या मुलामुलींनी धर्माने कसं वागावं, याच्या चाळीस ओळी, अष्टाक्षरीत. शाळेतल्या कवितांवर माझं प्रेम, आणि तालात सांगितलेलं जन्मभर विसरत नाही हे मला ठाऊक. त्यातच घात झाला. ‘आरशात पाहू नये’, ‘खदाखदा हसू नये’ अशा पहिल्या तीसही ओळी ‘नये’वर संपतात, कारण नयेला नये हे यमक आयतं मिळतं. मुलांना देव कसा दिसला असेल? दारात छडी घेऊन उभा असलेला हेडमास्तर.

एकतिसावी ओळ मात्र मी वेगळी लिहिली होती:
शंका येता मनामाजी, मोठ्यांपाशी पुसून ये.

म्हणजे विचारून ये. छापखान्यात बसवंत अक्षरांचे खिळे जुळवायचा. तीस वेळा ‘नये’ जुळवलेला हात एकतिसाव्यांदाही त्याच वाटेने गेला. छापून आलं: पुसू नये. अक्षरं तीच, मधली मोकळी जागा एक घर मागे सरकली.

बसवंतला मराठी बेताचं, तरी संशय आला. प्रूफ पुढे करून विचारलं, “अण्णा, इल्ली जागा सरीना?” म्हणजे इथली जागा बरोबर आहे ना?

मी पाहिलं. चूक दिसली. पण सलग एकतीस ‘नये’ कानाला गोड लागले. म्हणालो, “सरी, सरी.”

मंडळातल्या मोठ्यांना तीच ओळ सर्वांत आवडली.

शलाका तेव्हा तेरा वर्षांची. तिची आई, प्रेमा, आदल्या वर्षी गेलेली. पुस्तिका तिला तोंडपाठ होती, मी दर रविवारी म्हणून घेत असे. पुढे तिला पाळी सुरू झाली. ते काय असतं हे तिला सांगायला घरात कोणी नव्हतं. शाळेत हसले त्याची ही शिक्षा, असं समजून तिने आठ महिने कोणाला कळू दिलं नाही. शेवटी वर्गात चक्कर येऊन पडली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं.

घरी आल्यावर मी ओरडलो, “अगं, एका शब्दाने विचारायचं नाही?”

“पुस्तकातच आहे ना बाबा,” ती म्हणाली आणि तालात म्हणून दाखवलं, “मोठ्यांपाशी पुसू नये.”

त्या दिवशी तरी खरं सांगावं की नाही? मी म्हणालो, छापणाऱ्याची चूक. दुसऱ्या आवृत्तीतही ओळ तशीच ठेवली. शलाका अजून फोन करते. तब्येत विचारते, हवा विचारते. त्यापलीकडे मला काहीही विचारत नाही.

आता मंडळ सुवर्णमहोत्सवासाठी पुस्तिका पुन्हा छापून मुलांना वाटणार आहे. म्हणून लिहितो: पुस्तिकेचे सर्व हक्क शलाकेला. छापावी, न छापावी, रद्दीत घालावी, तिची मर्जी. ट्रंकेतल्या प्रतींपैकी निम्म्यांत मी पेनाने ती जागा सरकवली आहे. उरलेल्या हात कापतो म्हणून राहिल्या.

४. माझ्या बोलण्यामुळे बसवंतचं मंडळाकडचं काम सुटलं. त्याचा पत्ता मला लागला नाही. चूक माझी होती, असं हे कलम मंडळाच्या सभेत वाचून जाहीर करावं.

५. शलाकेची मुलगी यशश्री, वय चौदा, हिला माझं शाळेचं कवितेचं पुस्तक. समासात पेन्सिलीने माझ्या शंका लिहिलेल्या आहेत. उपदेश एकही नाही.

हे लिहीत असता खालच्या कृष्णाबाई साक्षीला येऊन बसल्या आहेत. “अण्णा, वील लिहिताय की कादंबरी? माझी डाळ शिजत्येय,” म्हणतात. दुसरे साक्षीदार मंडळाचे सचिव सुहास. ते अकराला पुनर्मुद्रणाच्या परवानगीवर माझी सही घ्यायला येणार आहेत. त्यांनी आधी तिसरं कलम वाचावं, मग इथे सही करावी. दोघांसमक्षच मी सही करीन.

स्थळ: यशवंतपूर, बेंगळुरू. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५.

साक्षीदार: १. कृष्णाबाई  २. सुहास

सही:

घंटा वाजली. सुहास लवकर आले असं वाटलं. कृष्णाबाईंनी दार उघडलं तर यशश्री, एकटी. दोन मेट्रो बदलून आली आहे. घरी सांगितलेलं दिसत नाही. चप्पलही काढली नाही.

“आजोबा, तुम्ही चिडणार नसाल तर एक विचारायचंय. आईला नाही विचारू शकत.”

कृष्णाबाई डाळ बघायला खाली गेल्या आहेत. सुहास आले तर त्यांनी पायरीवर बसावं. सही राहू दे. आधी हिचं ऐकतो.