सिंदफणा गटाची हजेरी

बोरवाडी, १४ जानेवारी १९७३

तीर्थरूप धर्मराजकाकांस बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

यंदाचा तिळगूळ पत्रातूनच घ्या. बिंदुसरेच्या धरणाला तळ दिसतोय, पण माझा घोर वेगळाच आहे. सहा फेब्रुवारीला शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येतायत. आठवीत चाळीस मुलं हजर दिसली तरच जूनपासून नववीचा वर्ग मिळणार. पटावर एकेचाळीस आहेत. त्यांतल्या सिंदफणा गटाची अठरा, आणि त्यांतली सतरा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. राहिली एकटी भिवरा, तीही आजी आंधळी म्हणून.

रागावू नका, पण हे तुमचंच करणं. शाळा काढलीत, मुलांचे चार गट पाडून त्यांना नद्यांची नावं दिलीत ते छान. पण अख्खी वरची वस्ती एकाच गटात कशाला घातलीत? गट ओळीनं बसतात. आता ओळच्या ओळ रिकामी, आंधळ्यालाही दिसेल.

संस्थेचे अध्यक्ष आप्पाराव काल येऊन गेले. काहून एवढं भिता म्हणाले. सहावी-सातवीची पोरं त्या ओळीत बसवा, हजर म्हणायला काय लई अक्कल लागत न्हाई. ते साखर कारखान्याचे संचालकही आहेत. आपली सतरा त्यांच्याच कारखान्याच्या उसाच्या फडात आहेत, हे मी गिळून टाकलं.

काय करू ते कळवा. लोभाची सावली या उन्हात तरी काढून घेऊ नका.
आपला बद्रीनाथ

वडवणी, २१ जानेवारी १९७३

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

चूक माझीच. पण वरच्या वस्तीची ती पोरं नाल्यातून एका माळेत यायची, आदल्या दिवशीची कविता चालीवर म्हणत. आधी सूर यायचा, मग पोरं दिसायची. ती माळ तोडायला माझा हात धजला नाही. तेव्हा शाळा म्हणजे एक कडुलिंब नि सत्तावीस पाट्या. लेक विमल म्हणते, बाबा आता दात नाहीत, चाली तरी सोडा. सोडतो कुठला!

आपल्याकडे हजेरी मास्तर घेत नाही, गटप्रमुख उभा राहून देतो. जो आला नाही तो कुठं आहे, हेही त्यानंच सांगायचं. पहिल्या वर्षी एक पोरगा तापानं फणफणत तीन दिवस घरी पडला, नि आम्हाला पत्ताच नव्हता. तेव्हापासूनची ही रीत. त्या रिकाम्या जागी दुसरं पोर बसवू नकोस, बाबा.

माया आहे तशीच आहे, ओढून पाहू नकोस.
धर्मराज

बोरवाडी, ७ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप काकांस सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. नववी नाही मिळाली तर बीडला कोण पोरींना पाठवणार? भिवराचं तर जूनमध्ये लग्नच लावतील. म्हणून सतरा लहान मुलं बसवली. साहेब खुर्चीत, आप्पाराव दारात.

तीन गटांची हजेरी झाली. मग सिंदफणेचा प्रमुख नाही म्हणून भिवरा आपणहून उठली. मी डोळ्यांनी खुणावलं, तिनं पाहिलंही. मग सरळ उभी राहून म्हणाली, धुळाजी गैरहजर, फडात मोळ्या बांधतोय. रुक्मिणी गैरहजर, पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळतीय. अशी सतरा नावं, कागद न बघता. कोण कुठल्या तळावर, कोणाच्या पायाला कोयता लागला, सगळं. बसवलेली पोरं एकेक करून मान खाली घालत गेली. त्यांच्या आधी माझी गेली होती.

साहेबांनी पुस्तक मिटलं. भिवराला विचारलं, ही परत कधी येतील? ती म्हणाली, होळीनंतर. मग होळीनंतर मोजायला येतो म्हणाले. पण पुढल्या दिवाळीला ती पुन्हा जाणार असतील तर नववी कोणासाठी, तेवढं लिहून ठेवा म्हणाले. आप्पाराव निघून गेले.

काय लिहू? तुमच्या पायांशी जागा ठेवा.
बद्रीनाथ

वडवणी, ११ फेब्रुवारी १९७३

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

लिहून ठेव, की दिवाळीपासून ऊसतोडीची मुलं शाळेतच राहतील, आणि त्यांच्यापाशी एक म्हातारा राहील. भाकरीचं वस्तीवरच्या आज्यांना विचारतो. भिवराच्या आजीपासून सुरुवात करू. सोमवारच्या एस.टी.नं येतोय. विमल रडतीय, पण वळकटी तिनंच बांधली.

पोरं विखरून बसवली असती, तर त्या सतरांचा ठावठिकाणा एकीला ठाऊक असता का रे?

मी येईपर्यंत ती ओळ रिकामीच ठेव.
धर्मराज