चांगला डोळा झाकायचा

नांदेड, ता. ४ जानेवारी १९४४

चि. सौ. विशाखास चंद्रप्रभामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही लातूरला सुखरूप पोचल्याचं जावई उद्धवरावांनी कळवलं, बरं वाटलं. तुझे दिवस भरत आलेले आणि तो मोटारीचा रस्ता! पण लेकीच्या डोळ्यांसाठी इतका प्रवास केलास, चांगलं केलंस.

इथं डोळ्यांचे डॉक्टर बोलत असताना तुझं लक्ष शिवकन्येच्या रडण्याकडे होतं, म्हणून पुन्हा लिहिते. तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की एकाच्या दोन वस्तू दिसतात. मग मेंदू वाकड्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. तो डोळा आंधळा नसतो, पण न वापरता निजून जातो. म्हणून चांगला, उजवा डोळा दिवसभर बांधायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. ती पडेल, रागावेल, तरी सोडायची नाही. तिला सातवं लागतंय; यापुढे उशीर झाला तर तो डोळा जन्मभर उठायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते मार्चअखेर पुन्हा इथं येतील.

हैदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटात ग्रेस नावाची मुलगी होती, तिचाही डोळा असाच. चकणा डोळा शुभ मानतात, म्हणून आम्ही सगळ्या तिला भाग्याची म्हणायचो. कुणी उपचार केला नाही, आणि डोळा गेला. तिची आठवण अलीकडे फार येते.

तुझ्या सासूबाई लक्ष्मीबाईंना माझा नमस्कार. जपून राहा.

तुझी,
मावशी

लातूर, ता. ६ फेब्रुवारी १९४४

ती. मावशीस विशाखाचा शि. सा. न.

मुलगा झाला, हे तुला कळलंच असेल. बाळंतिणीच्या खोलीत पडून राहिले आहे. खिडकी बंद, दारावर पडदा, शेगडीचा धूर. सव्वा महिना बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम. उद्धवराव हसून म्हणतात, निजामाच्या तुरुंगातसुद्धा हवा तरी येते.

पण शिवकन्येची बातमी ऐकून तू खूश होशील. आधी पट्टी बांधली की ती भिंतीला धडकायची, माझ्या पदराला धरून ओरडायची. मी खोलीत आल्यापासून सासूबाई स्वतः रोज सकाळी पट्टी बांधतात. आता पोर अंगणभर पळते, एकदाही ठेचकाळत नाही. आजीला सुईत दोरासुद्धा ओवून देते म्हणे! दिवेलागणीला पट्टी सोडून, हातपाय धुऊन माझ्या दाराशी येते, तेव्हा तिचं तोंड बघून वाटतं, मावशीचा डॉक्टर खरा.

बाळ काळंसावळं आहे, नाक तुझ्यावर गेलंय. चिडू नकोस!

तुझीच,
विशाखा

नांदेड, ता. ९ फेब्रुवारी १९४४

चि. विशाखास आशीर्वाद.

टपालावर भरवसा नाही, म्हणून लातूरच्या मोटारीवरच्या पाशामियाँच्या हाती चिठ्ठी देते. तुझ्याच हातात द्यायची, असं त्यांना बजावलंय. ते म्हणाले, बाळंतिणीच्या दाराशी उभा राहून हाका मारीन, पण दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सुईत दोरा! शिवणाच्या तासाला आम्ही गंमत म्हणून एक डोळा मिटून, एकाच चांगल्या डोळ्यानं सुई ओवायला जायचो, तर दोरा नेडं सोडून भलतीकडेच जायचा. आणि ही पोर निजलेल्या डोळ्यानं ओवते? महिन्याभरात?

बाई गं, रागावू नकोस. दिवसा तिला समोर बोलाव आणि पट्टी कुठल्या डोळ्यावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आज नाही, आत्ता.

मावशी

लातूर, ता. ११ फेब्रुवारी १९४४

ती. मावशीस सा. न.

पट्टी डाव्या डोळ्यावर होती.

पाशामियाँनी अंगणातूनच माझ्या नावानं हाळी दिली. चिठ्ठी वाचली आणि तशीच पडदा सारून सोप्यात आले. सासूबाई ओरडल्या, वारं लागेल, बाळंतरोग होईल, आत हो. मी विचारलं, हा डोळा का बांधलात? त्या म्हणाल्या, उणं असंल ते झाकावं माणसानं, चांगलं कोण झाकून ठिवतंय? गल्लीतली पोरं चकणी चकणी म्हणून पोरीच्या मागं लागत होती. पट्टी असली की कुणी बोलत न्हाई. त्यांना वाटलं, मीच चुकीचं ऐकून आले आणि त्यांनी ते सुधारून घेतलं.

मी ती पट्टी सोडली. उजवा डोळा बांधला आणि शिवकन्येला म्हणाले, आजीकडे जा. सासूबाई समोरच उभ्या होत्या. पोर हात पुढे करून चालत गेली आणि खुंटीवर टांगलेल्या शालीला आजी म्हणून बिलगली.

मावशी, सासूबाईंनी तिला शालीपासून सोडवून जवळ घेतलं. बाहेर आलीच हायस तर उन्हात तरी बस, एवढंच मला म्हणाल्या. मग नातीचा हात धरला आणि तिला घेऊन परसात गेल्या. ती एकेका झाडाला हात लावून नाव सांगत होती, चुकत होती, आणि त्या पुन्हा विचारत होत्या.

महिना वाया गेला. तो परत मिळेल का, तेवढं सांग.

विशाखा

नांदेड, ता. २८ मार्च १९४४

चि. विशाखास आणि बाळास आशीर्वाद.

तुझ्या सासूबाई आणि शिवकन्या काल दुपारी पोचल्या. मोटारीतसुद्धा उजव्या डोळ्यावर पट्टी! एक बाई तिला चकणी म्हणाली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्या बाईला असं काही सुनावलं की पाशामियाँ अजून हसताहेत.

आज डॉक्टरांनी तपासलं. डोळा अजून आत वळतो. तो सरळ करायला पुढे हैदराबादला शस्त्रक्रिया लागेल. वाया गेलेला महिना भरून निघेल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही तुला खोटा धीर देणार नाही. पण भिंतीवरच्या अक्षरांपुढे तिला उभं केलं, तेव्हा फक्त डाव्या डोळ्यानं तिनं वरच्या ओळी वाचल्या. खालच्या नाही. डॉक्टर म्हणाले, डोळा जागा होतोय, पट्टी चालू ठेवा. लक्ष्मीबाईंनी त्यांना तीनदा विचारून घेतलं, कुठला झाकायचा.

शिवकन्या पट्टी बांधूनच तुला लिहायचं म्हणते. अक्षरं ओळ सोडून गेलीत, सांभाळून वाच. आम्हां म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

मावशी

आई मी डाव्या डोळ्यानं लिहिते. मावशीआजीच्या ओट्यावर मुंगी होती. मला दिसली. आजीला दिसली नाही. शिवकन्या